उसवलं की कापलं

फोटोत दुपटं होतं, आणि दुपट्याच्या भोकातून एक बोट बाहेर आलं होतं. लांबसडक, निगुतीनं राखलेलं, नखावर फिकट गुलाबी रंग. बिळातून डोकं काढून बाहेरची हवा बघावी तसं ते बघत होतं. मोठीला आधी भोक दिसलंच नाही, बोटच दिसलं, आणि मनात आलं ते इतकंच की याला कळत असेल. लोकर किती मऊ आहे, कडेला कशी जरा दाटून आली आहे, हे सगळं या बोटाला कळत असेल. मग धाकटीने फोटो ताणून मोठा केला, बोट पडद्याबाहेर गेलं आणि भोक राहिलं.

"बघा ताई, बघा डोळे भरून," धाकटी म्हणाली. "‘माल सदोष. टाके उसवलेले. बाळासाठी मोठ्या हौसेनं घेतलं होतं, फार वाईट वाटलं.’ वाईट वाटलं म्हणे! दहा दिवस पोराला गुंडाळलं, पाहुण्यारावळ्यांत मिरवलं, फोटो काढले, आणि काम झाल्यावर घातली कात्री. वर हिलाच वाईट वाटतंय."

"कात्री कशावरून?"

"मग काय उंदरानं कुरतडलं? तुमच्या हातचा टाका आजवर कधी उसवलाय? माझ्या लग्नात दिलेला स्वेटर आमचे बाबा अजून घालून हिंडतात. कोपराला भोक पडलं ते कोपरानं पाडलं, टाक्यानं नाही."

मोठीने फोन परत दिला. देताना तो हातातून निसटला, धाकटीने वरच्यावर झेलला आणि बोलत राहिली. रागाच्या भरात माणसाला दुसऱ्याचे हात दिसत नाहीत.

तिसऱ्या मजल्यावर समोरासमोर दोन बिऱ्हाडं, दोन भावांची, आणि त्यांत या दोघी जावा. नावं होती, पण ती विजेच्या बिलावर आणि दवाखान्याच्या चिठ्ठीवर. घरात एक मोठी आणि एक धाकटी, आणि आता तर त्यांच्या ऑनलाइन दुकानावरही तेच लिहिलेलं, ‘मोठी-धाकटी’. मोठी विणायची, धाकटी विकायची. मोठीच्या मागच्या अरुंद खोलीत खिडकीशी एक टेबल, टेबलावर वजनकाटा, चिकटपट्टी, खोक्यांची चळत, आणि फोन उभा करायला चार जाड पुस्तकांचा केलेला बुरूज. ती पुस्तकं कुणी वाचली नव्हती, पण इतकी उपयोगाला आलेली दुसरी पुस्तकं त्या घरात नव्हती. प्रत्येक पार्सल बांधताना त्या फोनपुढे बांधायचं आणि परत आलेलं त्याच्यापुढेच उघडायचं, एका दमात, मध्ये न थांबवता, हा धाकटीने घातलेला नियम. नियम उगाच नव्हता घातला. पहिल्या खेपेला एका बाईने रंग वेगळा आला म्हणून शाल परत केली होती. रंग तोच होता, तिच्या घरातला उजेड वेगळा होता. दुसऱ्या खेपेला एकाने नवी कोरी कानटोपी मागवली आणि परत पाठवताना खोक्यात स्वतःची जुनी, तेलकट, डोक्याचा वास असलेली टोपी घातली. धाकटी कंपनीशी चार दिवस भांडली. कंपनीतून एकच उत्तर यायचं, गोड आणि गुळगुळीत: आपल्या गैरसोयीबद्दल खेद आहे, कृपया पुरावा जोडा. पुरावा नव्हता. तेव्हापासून व्हिडिओ. आणि तीन महिन्यांत ‘सदोष माल’ असा तिसरा शिक्का बसला की दुकान बंद, हेही तेव्हाच कळलं होतं. हा तिसरा. धाकटीने दवाखान्यातली नोकरी अर्ध्या दिवसावर आणली होती ती या दुकानाच्या भरवशावर.

"पार्सल येऊ दे परत," ती म्हणाली, "मग बघते हिच्याकडे. कापलेला धागा लपत नाही. दोन टोकं दिसतील ना ताई? तुम्हीच म्हणता, उसवलेल्याला टोक नसतं."

"नसतं," मोठी म्हणाली.

ते खरंच होतं. टाका सुटला तर तो फासाच राहतो, अख्खा, फक्त धरायला कुणी उरत नाही म्हणून खाली खाली घसरतो, आणि त्याच्या मागे शिडी पडते. कापलेल्याला दोन टोकं असतात, आखूड, ताठ, एकमेकांकडे पाठ केलेली. शेंबडं पोरही सांगेल. तरी मोठी त्या रात्री झोपेपर्यंत आणि दुसऱ्या दिवशी भांडी घासताना आणि तिसऱ्या दिवशी जिना उतरताना एकच गोष्ट घोळवत राहिली: उसवलं की कापलं. घोळवत राहिली म्हणजे तिला फार काही होत होतं असं नव्हे. काही होतच नव्हतं. नळाखाली हात धरावा, पाणी गार की कोमट ते कळू नये आणि तरी हात तसाच धरून ठेवावा, तसं.

आणि नळाखाली तिला खरोखरच कळत नव्हतं. दोन महिने झाले, उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारची दोन बोटं तिची राहिली नव्हती. दुखत नव्हती, हेच वाईट. दुखलं तर माणूस ओय म्हणतो, कुणीतरी विचारतं, काय झालं. ही नुसती जागेवर होती, उधार आणलेल्या चमच्यांसारखी. भाजी आणायला जाते असं सांगून ती एकटीच बाजारातल्या एका डॉक्टरीण बाईंकडे गेली होती. बाईंनी डोळे मिटायला लावले आणि बोटाला टाचणी टोचली. "टोचतंय?" "तुम्ही टोचताय का?" मोठीने विचारलं होतं. बाईंनी टाचणी ठेवून दिली. मनगटात नस दबली आहे, म्हणाल्या. सहा महिने सुया कपाटात ठेवा, नाहीतर छोटंसं ऑपरेशन, तेव्हाही सुया कपाटातच. मोठी भाजीची पिशवी घेऊन घरी आली. कुणाला सांगितलं नाही. नवऱ्याला सांगता आलं असतं. तो लिफ्ट दुरुस्त करायचा, दुसऱ्या इमारतीत बारीक खरखर झाली तरी त्याचे कान टवकारायचे, पण घरातल्या खरखरीला त्याचे कान सुट्टीवर असत. धाकटीला सांगायचं तर तिचं तोंड डोळ्यांपुढे यायचं, हिशेब मांडतानाचं, खुशीनं ओठ चावत बसलेलं. मग मोठीने स्वतःपुरता एक मार्ग काढला. पूर्वी ती खिडकीबाहेर बघत विणायची, कोण आलं, कोण गेलं, कुणाचं पोर पडलं. सुया आपल्या चालत. आता ती सुयांवरून नजर हलवेनाशी झाली. बोटांचं काम डोळ्यांवर टाकलं. डोळे म्हणायचे, हा टाका आला, हा गेला, आणि ती त्यांच्यावर विश्वास ठेवायची, जसा परक्या गावात वाट सांगणाऱ्यावर ठेवतात.

म्हणून प्रश्न होता. कापलं असेल तर ते त्या गुलाबी नखांच्या बाईचं. उसवलं असेल तर ते हिचं. आणि ते हिचं असेल तर दुपटं एक नव्हतं. दोन महिन्यांत सहा दुपटी गेली होती, अकरा टोप्या, मोजे तर विचारू नका, आणि कुठल्या कुठल्या घरांत, कुठल्या कुठल्या पोरांच्या अंगावर काय काय हळूहळू निसटत असेल कोण जाणे.

भोक होतं कडेच्या चौथ्या पानात. दुपट्याच्या कडेला पानांची वेल होती, दिवसाला एक पान असं तिचं गणित, त्याहून जास्त होत नसे. चौथं पान कधी विणलं ते ती आठवायला बसली. तिसऱ्याचा दिवस आठवत होता, त्या दिवशी गॅस संपला होता. पाचव्याचाही आठवत होता, वरच्या मजल्यावर कुणीतरी दिवसभर भिंतीत खिळे ठोकत होतं. चौथं पान मात्र कोऱ्या कापडासारखं. खिडकी आठवे, मांडीवरची लोकर आठवे, मध्ये उठून चहा गरम केला तो आठवे, पण त्या दोन-तीन ओळी, ज्यांत ते भोक होतं, त्या कुणीतरी तिच्या नकळत येऊन विणून गेल्यासारख्या. आई असती तर म्हणाली असती, टाका मोजायचा असतो गं, आठवायचा नसतो. आई मोजताना गुणगुणायची. शब्द तिचेच, चालही तिचीच, ओळ संपली की शब्दही संपायचे:

सुईवर बसला टाका, जसा फांदीवर रावा,
एक उडून गं गेला, सारा उसवला थवा.

आई लोकांचे स्वेटर विणून द्यायची. एकदा शेजारच्या गल्लीतली एक मास्तरीण स्वेटर परत घेऊन आली, डावी बाही इंचभर आखूड आहे म्हणाली. दारात उभी, नाक वर. आई म्हणाली, ठेवा बाई, चार दिवसांनी या. मोठी तेव्हा नऊ-दहा वर्षांची, तिने पट्टी आणून दोन्ही बाह्या मोजल्या, काडीचा फरक नव्हता. आईने स्वेटर घडी करून कपाटात ठेवला आणि चार दिवस त्याला हातही लावला नाही. पाचव्या दिवशी मास्तरणीने घालून बघितला, आरशापुढे हात पसरले, आणि म्हणाली, "आत्ता कसा बरोब्बर झाला!" ती गेल्यावर आई इतकी हसली, इतकी हसली, की तिला उचकी लागली. "बाही नव्हती गं आखूड," म्हणाली, "घरात कुणीतरी तिला बोललं असणार." मोठीला आता वाटलं, आईला हसता आलं कारण मास्तरीण दारात उभी होती. तिचं नाक होतं, तिच्या पायांत झिजलेल्या चपला होत्या. इथे नुसतं एक बोट. बोटावर कसं हसणार, आणि बोटाला कसं रडणार.

चौथ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास कुरिअरवाला आला. "मावशी, तुमचंच तुम्हाला परत," म्हणून सही घेऊन गेला. सही वाकडी आली. तिने धाकटीला फोन केला.

"आलं? हात लावू नका," धाकटी दवाखान्यातून दबक्या आवाजात म्हणाली, मागे कुणीतरी खोकत होतं. "मी दोनला येते, आल्यावर दोघी मिळून उघडू. दोन दिवसांची मुदत आहे, घाई नाही. ऐकलंत ना जाऊबाई? टेबलावर ठेवा आणि जपमाळ ओढत बसा."

"बरं," मोठी म्हणाली.

टेबलावर ठेवलं. पार्सल मऊ होतं, करड्या प्लास्टिकच्या पिशवीत, वर कंपनीचं लेबल. खुर्चीवर बसून ती त्याच्याकडे बघत राहिली. दोनला धाकटी येईल. दोघी मिळून उघडतील. आणि त्यात दोन टोकं नसली, शिडी असली, तर ती शिडी दोघींना एकदमच दिसेल. निदान आपल्याला आधी दिसावी. पाच मिनिटं आधी, तेवढीच. तेवढ्यात चेहरा कसा ठेवायचा ते ठरवता येईल. नियम मात्र मोडायचा नव्हता. तिने फोन पुस्तकांच्या बुरुजावर ठेवला, लाल ठिपका लागला ते बघितलं, पार्सल चारी बाजूंनी दाखवलं, लेबल दाखवलं, आणि कात्रीने पिशवीची कड कापली.

आधी वास आला. दुसऱ्यांच्या साबणाचा, फुलाफुलांचा. धुतलं होतं. धुवून वाळवून, घडी मात्र तिने घातली होती तशीच घातलेली, तिच्याच घडीच्या रेघांवर. तिने उलगडलं. चौथं पान समोर आलं.

दोन टोकं होती.

आखूड, ताठ, एकमेकांकडे पाठ केलेली. एकच धागा, एकाच जागी, कात्रीच्या नुसत्या टोकानं कापलेला, आणि धुण्यानं भोक जरासं पसरलेलं. बाईने जागाही शोधून काढली होती. पानाच्या देठाशी, जिथून वेल सांधता येते, जिथे सांधलेलं दिसतही नाही. अंगठ्याने ती दाबून बघत होती आणि अंगठ्याला काही कळत नव्हतं. आपण सुटलो असं तिला वाटायला हवं होतं. ती वाट बघत राहिली, पण ते काही आलं नाही. आलं ते इतकंच की टाके मोकळे आहेत, आणखी घसरतील, पोर पाय झाडेल आणि घसरतील. मांडीवर घ्यावं म्हणून तिने दुपटं मांडीवर ओढलं. डब्यातून त्याच गुंड्याची उरलेली लोकर निघाली, बोथट सुई निघाली, क्रोशा निघाला. दोन्हीकडचे चार-चार टाके सोडवले, फासे क्रोशावर धरले, नव्या धाग्याने जुन्या धाग्याची वाट धरली, वर, मागून, पुढे, वर. किती तरी दिवसांनी ती सुयांकडे न बघता खिडकीबाहेर बघत होती. समोरच्या गच्चीवर एक बाई चादर झटकत होती. हात आपले चालले होते. तोंडातून काहीतरी गुणगुणणं निघत होतं. धागा आवळला, टोकं आत घेतली, उरलेलं कापून टाकलं, तळव्याने जागा सपाट केली. चौथं पान चौथ्या पानासारखं झालं. तिने दुपट्याची घडी घातली आणि टेबलावर ठेवली, आणि तेव्हा लाल ठिपका दिसला.

दोन वाजता धाकटी आली, चप्पल न काढताच आत आली, आणि उघडलेली पिशवी बघून दारातच थांबली.

"उघडलंत?"

"व्हिडिओ केलाय."

धाकटीने फोन घेतला. मोठी तिच्यामागे उभी राहिली. व्हिडिओत पार्सल चारी बाजूंनी दिसलं, लेबल दिसलं, पिशवी कापली गेली, दुपटं निघालं, उलगडताना त्याची मागची बाजू दिसली, आणि मग ते टेबलावरून घसरत घसरत चौकटीच्या बाहेर गेलं. उरलं टेबल. रिकामी पिशवी, कात्री, चिकटपट्टी. एका कडेला मोठीचं डावं कोपर, जरासं हलणारं. आणि आवाज, बारीक, सुखी. कोण गं हे गातंय, असं मोठीच्या मनात आलं. धाकटीने बोटाने व्हिडिओ पुढे ढकलला, टेबल. आणखी पुढे, टेबल. सोळा मिनिटं. मग चौकटीत एक दुपटं परत आलं, घडी घातलेलं, निर्मळ.

"ताई," धाकटी हळूच म्हणाली, "भोक कुठाय?"

"शिवलं."

"शिवलं!" ती मटकन खुर्चीत बसली. "अहो, चोराच्या पायांचे ठसे पुसून फरशी लखलखीत केलीत तुम्ही! वर गाणं म्हटलंत! हा व्हिडिओ पाठवला ना, तर कंपनी म्हणेल बाईने आमच्या मालावर अंगाई रेकॉर्ड केलीय." आणि ती हसायला लागली, हसता हसता डोळे पुसायला लागली, आणि डोळे पुसता पुसता तिने फोन पालथा ठेवला. "बंद होईल हो आपलं दुकान."

मोठी उभीच होती. तिने टेबलाखाली वाकून बघितलं, कापून टाकलेले तुकडे तिथेच कुठेतरी असणार. होतेच. पांढऱ्या लोकरीचे तुकडे, एक, दोन, दहा, वीस. त्या खोलीत पांढऱ्या तुकड्यांना काय तोटा. त्यातला कुठला त्या बाईच्या कात्रीचा आणि कुठला आपल्या, ते कुणाला सांगता येणार होतं. ती गुडघ्यांवर बसून एकेक उचलून उजेडात धरत राहिली.

"काय शोधताय?"

"टोकं."

"तुम्ही बघितलीत ना पण? डोळ्यांनी? कापलेलंच होतं ना?"

मोठीने मान वर केली. धाकटीचा चेहरा वरून तिच्याकडे बघत होता. दोन टोकं होती. आखूड, ताठ. होती का? तिने डोळ्यांनी बघितलं होतं, पण हे तेच डोळे, ज्यांना दोन महिने दुसऱ्याचं काम करून करून थकवा आला होता. आणि चार दिवस ती दोन टोकांचीच तर वाट बघत होती. इतकी वाट बघितल्यावर दारात कुणीही आलं तरी तेच वाटतं. अंगठा दाबला होता, अंगठ्याने साक्ष दिली असती, पण तो साक्षीला कुठे येतोय. आणि शिवताना तर ती खिडकीबाहेरच बघत होती. शिवलं ते काय शिवलं, कापलेलं की सुटलेलं, ते आता त्या हातांनाच माहीत, आणि त्यांना जीभ नाही.

"होतं," ती म्हणाली.

"मग झालं तर." धाकटी उठली. तिने पिशवी उचलून उलटसुलट केली. "लेबल केस वाळवायच्या यंत्रानं सुटेल, गरम वाऱ्यानं डिंक ढिला पडतो. करड्या पिशव्या आपल्याकडे आहेत. नवी पिशवी, तेच लेबल. पुन्हा बंद करायचं, पुन्हा उघडायचं. आणि तुम्ही पुन्हा कापायचं, होतं तिथेच, होतं तसंच."

"कापायचं?"

"खोटं कुठाय त्यात? होतंच ना. आहे ते दाखवायचं फक्त."

"हे कुठे शिकलीस गं तू?"

"ज्यांनी आपल्याला टोपी घातली त्यांच्याकडूनच," धाकटी म्हणाली. पण तिचा आवाज हसरा नव्हता, आणि ती मोठीकडे न बघता यंत्राची पिन खटकन लावायला गेली.

गरम वाऱ्याचा घरघराट सुरू झाला. मोठी टेबलाशी बसली. दुपटं उलगडलं. कात्री घेतली, आणि चौथ्या पानाच्या देठाशी आणली, आणि थांबली. होतं तिथेच म्हणजे कुठे? तिने इतकं बेमालूम शिवलं होतं की जागा तिलाच सापडेना. मग तिला ती जागा त्या बाईसारखी शोधावी लागली. एका परक्या घरात एक टेबल, पलीकडे झोपलेलं पोर, हातात कात्री, आणि इतकं मोठं दुपटं. कुठे कापावं? मधोमध? नको, मधे नको, मधे जिवावर येतं. कडेला. पानावर? पान सुंदर आहे. देठाशी. हां, इथे. आणि फार नाही, एकच. तिला वाटलं, त्या बाईचाही हात असाच आणला गेला असेल आणि असाच थांबला असेल, आणि शेजारच्या खोलीतून कुणीतरी विचारलं असेल.

"झालं का?" धाकटीने यंत्र बंद करून विचारलं.

मोठीने कापलं. कात्रीच्या टोकाला कट् झालं, कानाला ऐकू आलं, बोटाला नाही.

पुढचं सगळं धाकटीने केलं. दुपट्याची घडी, नवी पिशवी, जुनं लेबल. लाल ठिपका लागला. यावेळी मोठीने सगळं चौकटीच्या आत ठेवलं, पार्सल चारी बाजूंनी, लेबल, पिशवीची कड. उलगडलं. धाकटी फोनच्या मागून हाताने खुणा करत होती, जवळ, आणखी जवळ. मोठीने भोक फोनपुढे धरलं आणि भोकात एक बोट घातलं, नीट दिसावं म्हणून. पडद्यावर ते बाहेर आलं, जाडसर, नख कापलेलं. तिने ते तसंच धरलं, धाकटी पुरे म्हणेपर्यंत.

उत्तर यायला चार मिनिटंही लागली नाहीत. इतक्या लवकर कुणी माणसाने बघितलंही नसणार. ‘आपला दावा मान्य करण्यात आला आहे. आपल्या गैरसोयीबद्दल खेद आहे.’ धाकटीने किंकाळी फोडली, मोठीच्या गळ्यात पडली, मागे सरून तिचे दोन्ही गाल धरले. "वाचलो हो! ताई, वाचलो! आज चहा मी करते, तुम्ही नुसत्या राणीसारख्या बसा." आणि उंबऱ्यापाशी वळून म्हणाली, "आणि त्या दुपट्याला गुण आलाय, विकायचं नाही ते. घरात ठेवू." मग समोरच्या घरात तिच्या भांड्यांचा आवाज सुरू झाला.

मोठी खोलीत एकटी राहिली. विकायचं नसलं तरी असं उघडं ठेवता येत नव्हतं. टाके मोकळे होते. तिने दुपटं मांडीवर घेतलं. लोकर घेतली, बोथट सुई घेतली, क्रोशा घेतला. देठाशी दोन टोकं उभी होती, आखूड, ताठ, एकमेकांकडे पाठ केलेली. ती त्यांच्याकडे बघत राहिली. सकाळची टोकं अशीच होती का, ते तिने आठवून बघितलं. अगदी अशीच होती. जितक्या वेळा आठवलं तितक्या वेळा अगदी अशीच, हाच उजेड पडलेली, मागे यंत्राचा घरघराट असलेली. आणि सकाळी तर यंत्र नव्हतं. तिने डोळे मिटले, उघडले, पुन्हा आठवलं. आता हीच दिसणार होती. यांच्यापलीकडची, पहिली, असली तर असली, त्यांच्यापर्यंत जायची वाट तिने स्वतःच कापली होती.

"साखर किती?" समोरून धाकटीने ओरडून विचारलं.

"नेहमीसारखी," मोठी म्हणाली.

तिने फासा क्रोशावर धरला आणि खिडकीबाहेर बघितलं, सकाळी बघितलं होतं तसं. गच्ची रिकामी होती. हात चालतील म्हणून ती थांबली. हात मांडीवर तसेच होते, फासा धरून, पुढे काय करायचं ते ती सांगेल म्हणून वाट बघत. मग तिने नजर खाली आणली, आणि हळू आवाजात, लहान पोराला सांगावं तसं, त्यांना सांगायला लागली: वर. मागून. आता पुढे. आता पुन्हा वर.